डाव्या बाजूचे चार नट

मिस्त्रीने बाकाखालून पांढऱ्या रंगाची डबी ओढली आणि हात तसाच थांबवला. डबी उघडी होती. ब्रश आत उभाच्या उभा आणि रंगाचा दगड झालेला. रात्रभर झाकण लावायचं राहिलं होतं, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

गॅरेजचा हा नियम त्याचाच. नट पक्का आवळला की नट आणि बोल्ट दोन्हींवरून एक पांढरी रेघ ओढायची. रेघ असेल तर काम झालं, नसेल तर नाही झालं. मग कोणी कितीही शपथा घेवो. काल दुपारी लेकीच्या पिकअपखाली शिरून उजवीकडचे चार नट त्याने आवळले होते. नट पुरेसा आवळला की पाना ‘कट्’ वाजतो; तो आवाज चार वेळा आला होता, चार रेघा ओढल्या होत्या. मग फोन वाजला म्हणून तो बाहेर आला. कोणीतरी गॅरेजात दुरुस्तीला दिलेल्या टॅक्सीच्या चाकांबद्दल विचारत होतं.

आणि त्यानंतर? डावी बाजू?

त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. फोन आठवत होता. मग लेकीच्या हातात किल्ली देणं आठवत होतं. मधला भाग कोणी पुसून टाकावा तसा कोरा होता.



पिकअप जुनीच घेतलेली. आधीच्या मालकाने ऐटीसाठी मागची बाजू लोखंडी ठोकळे घालून उंच केली होती. लेक आणि जावई गावोगाव डोळे तपासून चष्मे देत हिंडायचे; त्यांचा दवाखाना मागच्या ट्रेलरमध्ये. पिकअप मागून उंच, त्यामुळे ट्रेलरचं तोंड आभाळाकडे आणि सगळा भार शेपटाकडे. उतार लागला की ते शेपूट डुलायला लागायचं. “बाबा, तो मला ढकलत नेतो असं वाटतं,” लेक म्हणाली होती. म्हणून मिस्त्रीने ठोकळे काढले, गाडी मागून चार बोटं खाली आणली आणि नवे आखूड यू-बोल्ट घातले. मागची चाकं जागेवर धरून ठेवतात ते तेवढेच बोल्ट. ते सैल राहिले, तर भर उतारावर ब्रेक दाबला की धुरा सरकणार.

आणि गाडीत लेक, जावई आणि दोघांच्या मध्ये बसलेली सहा वर्षांची नात. निघून तास झाला होता.

त्याने लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही त्यानेच तिला शिकवलेलं. जावयाचा फोन नेहमीसारखा बंद. डोळ्यांचा डॉक्टर, पण फोनची बॅटरी संपलेली त्याला कधी दिसली नव्हती.

व्हॅनची किल्ली घ्यायला त्याने खण ओढला. किल्ल्यांच्या गर्दीत लाल नेलपॉलिशची बाटली आडवी आली. ती बाजूला सारताना ती निम्म्याहून रिकामी असल्याचं दिसलं. मागे एकदा त्याने बायकोला विचारलंही होतं, या वयात कुणाला भुरळ पाडायची आहे म्हणून. ती नुसती हसली होती.

“अहो, कुठे निघालात?” ती आतल्या खोलीतून आली. उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. बादली उचलताना लचकलं, असं सकाळी म्हणाली होती.

“पिकअपचे डावीकडचे नट. मी आवळले की नाही ते आठवत नाहीये.”

“घट्ट आहेत ते.”

“तुला काय माहीत?”



“तुम्ही केलेलं काम म्हणजे घट्टच असणार,” ती म्हणाली.

“माझं कौतुक नंतर कर!” तो ओरडला आणि दाराकडे धावला. दाराशी लोखंडी पाइप पडला होता, त्याला ठेच लागली. पान्याला जोर कमी पडला तर दांड्यावर चढवायचा तो पाइप. त्याला तो लागत नसे. वर्षभरात त्याने हात लावला नव्हता. कोणी टाकला इथे, असं पुटपुटत त्याने तो लाथेने दूर केला.

रस्ता नेहमीचाच होता आणि आज संपत नव्हता. त्याला सारखं लेकीचं पाऊल ब्रेकवर दिसत होतं. डोंगराचा माथा आला, उतार सुरू झाला आणि तो प्रत्येक वळणावर कठड्याकडे बघू लागला. तिसऱ्या वळणावर गर्दी दिसली.  व्हॅन कशीबशी कडेला घेऊन तो उतरला, तर भाजीचा टेम्पो पंक्चर होऊन उभा होता आणि चौघे जण पाचव्याला सल्ला देत होते.

“पांढरी पिकअप गेली का? मागे ट्रेलर?”

“गेली असेल,” एक जण म्हणाला. “काका, पाणी पिता का? फार घाम आलाय तुम्हाला.”

तो व्हॅनमध्ये बसला. खिशातला फोन वाजत होता. नाव बघायचीही हिंमत झाली नाही. वाईट बातमी असेल तर ती उतार संपल्यावर कळू दे. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. उरलेली वळणं त्याने कशी घेतली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

उतार संपला तिथे शाळेचं मैदान होतं. मैदानात पिकअप उभी होती आणि तिच्यामागे ट्रेलर, अगदी सपाट, पाणी ठेवलं तरी सांडणार नाही असा. दारापुढे माणसांची रांग लागली होती. नात पायरीवर बसून एकेकाला हाताने एक डोळा झाकायला शिकवत होती.

मिस्त्रीला रडू आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून तो कोणाशी न बोलता थेट गाडीखाली शिरला.

“बाबा?” लेकीचे पाय धावत आले. “अहो बाबा, काय झालं?”

“काही नाही. सहज. टॉर्च दे.”

आधी उजवी बाजू. चार नट, चार पांढऱ्या रेघा. पण प्रत्येक रेघेशेजारी एक लाल ठिपका होता, चमकदार, डाळीएवढा. तो सरपटत डावीकडे गेला. तिथे पांढरी रेघ एकही नव्हती. नटांभोवतीचं ग्रीस फडक्याने स्वच्छ पुसलेलं, नटांच्या कडांवर पाना घसरल्याचे ताजे ओरखडे, आणि चार लाल ठिपके.

त्याने आपला पाना लावला. पहिल्याच दाबाला ‘कट्’. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे घट्ट.

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो बराच वेळ उताणा पडून राहिला. दाराशी पडलेला पाइप. बायकोच्या मनगटाची पट्टी. ती नखं कधी रंगवत नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“आईचा फोन आला होता,” लेक वरून म्हणाली. “म्हणाली, तुम्ही फोन उचलत नाही. तुम्ही आलात की आधी सावलीत बसवायला सांगितलंय.”

तो बाहेर आला, पण सावलीत बसला नाही. आपल्या व्हॅनजवळ जाऊन पुढच्या चाकापाशी वाकला. हे चाक त्याने पावसाळ्याआधी बसवलं होतं. अंगठ्याने धूळ पुसली. पाच नट, पाच लाल ठिपके, जुने, फिके पडलेले. त्याला वाटलं होतं, फक्त कालची दुपारच आपल्याकडून सुटली; ती तर कधीपासून त्याच्या मागे नट तपासत होती. त्याची भीती आता लेकीच्या गाडीखालून निघाली आणि त्याच्या मागे घरी यायला तयार झाली.

परतताना त्याने बाजारात एका दुकानापुढे व्हॅन थांबवली.

“लाल? लाल किती प्रकारचे आहेत काका,” दुकानदार बाई म्हणाल्या. “कोणता देऊ?”

त्याने अंगठा पुढे केला. नखाच्या कडेला ठिपक्याचा थोडा रंग खरवडून आला होता.

“हा.”

घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती.  त्याने खण उघडून नवी बाटली जुनीशेजारी ठेवली आणि खण लावून घेतला. टॅक्सी अजून जॅकवरच होती. तो तिच्या चाकापाशी बसला. चार नट आवळले, मग पाना खाली ठेवला.

“अगं,” त्याने हाक मारली.  “ये जरा. मी असतानाच बघून घे.”

खण उघडल्याचा आवाज आला. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, डाव्या हाताने पाना उचलला आणि पहिल्या नटाला लावला.