आठाचे पाच

दाढ काढून चार दिवस झाले होते आणि टेलरबाईंचा जबडा अजून ठणकत होता. साध्या गोळीने तासभरही आराम पडत नव्हता. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. काल तर त्यांच्या हातून गिऱ्हाइकाचं भारी कापड चुकीचं कापलं गेलं. वीस वर्षांत पहिल्यांदा! मशीनवर डोकं टेकून त्या रडल्या, तेव्हा नवऱ्यानेच त्यांना पुन्हा दवाखान्यात पिटाळलं.

"दहापैकी दुखणं किती?" दातांच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"आठ."

डॉक्टरांनी कार्डावर आकडा टाकला. आता त्या बिचाऱ्यांना काय कल्पना, की दुकानात नवरा मापं लिहितो आणि बाई टेबलाच्या पलीकडून ती उलटी वाचून तपासतात! कार्डावर पाच होते.

"डॉक्टर, मी आठ म्हणाले."

"ऐकलं ना. पेशंट वाढवूनच सांगतात हो. मी सगळ्यांचेच तीन कमी करतो." आणि वर हसले! "जास्त गोळ्यांची सवय लागते, ताई. थोडी कळ सोसायला शिका."

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाल धरूनच त्या उठल्या.

"तुमच्या अंगावरचा हा कोट मी शिवलाय. छाती बेचाळीस, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. माणसं फुशारक्या मारतात म्हणून मी एकोणचाळीस धरले असते, तर बटण लागलं असतं का? तुमच्या छातीवर मी विश्वास ठेवायचा आणि माझ्या जबड्यावर तुम्ही नाही?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. कोपऱ्यात हत्यारं पुसणाऱ्या वयस्कर सिस्टर पुढे आल्या.

"डॉक्टर, मागचं पान बघा. दाढ काढली त्या दिवशी ताई तीनच म्हणाल्या होत्या. तुम्ही शून्य लिहिलंत. दाढ उपटून शून्य! म्हणून चिठ्ठीशिवाय घरी गेल्या त्या."

"सिस्टर, माझ्याच चिठ्ठीवर एक पेशंट गोळ्यांच्या नादी लागला होता. विसरलात?"

"नाही विसरले. म्हणून मोजून द्या, थोड्या दिवसांच्या द्या, परत तपासायला बोलवा. पण त्या एकाची शिक्षा दारात येणाऱ्या प्रत्येकाला का? आणि आज ताईंचं तोंड उघडून बघितलंत तरी का?"

बघितलं नव्हतं! चार दिवस कळवळणाऱ्या बाईच्या तोंडात डोकावण्याआधीच त्यांनी वजाबाकी उरकली होती.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली होती आणि हाड उघडं पडलं होतं. त्यांचा हात थांबला.

"ताई, हे तर... चुकलं माझं. माफ करा."

त्यांनी जागा बधिर केली, खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी बसवली आणि चार दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. कधी घ्यायच्या, कधी थांबवायच्या, तेही नीट समजावलं. मग कार्डावरचे पाच खोडून तिथे आठ लिहिले.

"आता किती?"

"दोन."

टेलरबाईंनी मान लांब करून उलटं वाचलं. दोनच लिहिले होते. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा जबडा सैल पडला आणि खुर्चीतच त्यांना पेंग आली.

त्या दिवसापासून डॉक्टर आकडा लिहिला की कार्ड पेशंटकडे फिरवतात आणि विचारतात, "बरोबर आहे ना?"

वाचकहो, औषध जपून द्यावं, याबद्दल दुमत नाही. पण जपून देणं वेगळं आणि समोरच्याला खोटं ठरवणं वेगळं! आपणही घरात कण्हणाऱ्याला "एवढं काही दुखत नसेल" म्हणतोच की. यापुढे ते म्हणण्याआधी एकदा विचारा आणि सांगेल तो आकडा तसाच मान्य करा. दुखणं ज्याचं आहे, त्याचं माप दुसऱ्याने कापायचं नसतं.