खिडकीतल्या दिव्यांचा टायमर

कॉम्प्युटरची डिस्क गेली हे फेब्रुवारीतल्या एका सकाळी कळलं. माझी बायको गुनवोर वारल्यानंतर त्या सकाळी मी पहिल्यांदा रडलो. ती गावच्या चर्चमधल्या गायकांचं गाणं बसवायची. ईस्टरच्या गाण्याचे चारही आवाज, म्हणजे एकाच वेळी गायचे चार वेगळे भाग, तिने आजारपणात स्वतः गाऊन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवले होते. चाल तिचीच, कागदावर उतरवायची राहून गेलेली.

इंटरनेटवर बॅकअप होता. पण आमच्या जंगलातलं इंटरनेट सावकाश, आणि फाइली वर्षांच्या क्रमाने परत येत. गाणी शेवटी. रोज संध्याकाळपर्यंत नीट चालायचं. सकाळी पडद्यावर दिसायचं, 'काम मध्येच थांबले'. खाली दोन बटणं: 'पुढे चालू ठेवा' आणि 'नव्याने सुरू करा'. मी सुतार. बिघडलेलं काम पहिल्यापासून करायची सवय. रोज नव्याने सुरू करायचो.

एके दिवशी मेहुणी माय-लिस दालचिनीचे पाव घेऊन आली.

"दाजी, खिडकीत नाताळचे दिवे अजून? गाव हसतंय."

"गुनवोरने लावलेत. हसू दे."

"रोज आपोआप विझतात ना?"

"हो, रात्री. सकाळी पुन्हा लागतात. टायमर आहे."

ती खाली वाकली. "मग इंटरनेटच्या डब्याची वायर या टायमरवर कुणी लावली?"

मीच. नवी डिस्क बसवताना तीच जागा हाताशी होती.

"म्हणजे दिव्यांबरोबर इंटरनेटलाही झोपवता. आणि सकाळी उठून कालची भिंत पाडता."

"वाकडी असली तर पाडावीच लागते."

"वाकडी नाही हो, अर्धवट आहे. त्यावरच बांधा."

मी ती वायर भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटात लावली आणि पहिल्यांदाच 'पुढे चालू ठेवा' दाबलं. आलेल्या फाइली तशाच राहिल्या. पुढच्या फाइली येऊ लागल्या. दुसऱ्या सकाळी पडद्यावर होतं, 'पूर्ण झाले'.

चर्चमध्ये गायकांना आम्ही तिचं रेकॉर्डिंग ऐकवलं. खालच्या पट्टीतला पुरुषांचा भागही तिने गायला होता, आपल्या बारीक आवाजात. मध्येच थांबून म्हणाली, "मागच्या ओळीतले, जागे आहात ना?" मागची ओळ हसली आणि ताठ बसली.

ईस्टरला सगळे गायले. कुणी चुकलं नाही. मागच्या ओळीत मीही होतो आणि माझा आवाज लागला.

खिडकीतले दिवे काढायचे अजून राहिले आहेत.