तांबूने पान्हा सोडला

आमचे धाकटे भावोजी म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. लग्नानंतर महिन्याभरातच मी हे ओळखलं होतं, पण ह्यांना सांगायची सोय नव्हती. "माझा भाऊ आहे तो," एवढंच म्हणून हे गोठ्यात निघून जायचे.

मागच्या आठवड्यात दोघा भावांचं जमिनीच्या वाटणीवरून कडाक्याचं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी हे घरी आलेच नाहीत. भावोजींनी गावभर सांगितलं, "दादा रागावून शहराकडे गेला. मी स्वतः त्याला बसमध्ये चढताना पाहिलं. अंगात तो नेहमीचा निळा स्वेटर होता." हवालदाराने मान डोलावली. रागावून गेलेली माणसं भूक लागली की परत येतात म्हणे.

तो स्वेटर मीच विणलेला. हे तो फक्त तांबू गाईचं दूध काढताना घालायचे आणि मला कधी धुवू द्यायचे नाहीत. "वास गेला तर तांबू मला ओळखायची नाही," म्हणायचे. मी म्हणायचे, "मी ओळखते तेवढं पुरे नाही वाटतं?" असला शेणाने माखलेला स्वेटर घालून कोणी शहराला जातं का? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच वाटलं. पण बाईच्या नुसत्या वाटण्यावर कोण विश्वास ठेवणार?

हे गेल्यापासून तांबू पान्हा चोरायला लागली. मी बसले तरी लाथ, शेजारीण बसली तरी लाथ. आज सकाळी मात्र भावोजी भरलेली बादली घेऊन स्वयंपाकघरात आले.

"बघा वहिनी, दिलं की नाही दूध! जनावराला जरा प्रेमाने घ्यावं लागतं."

"हाताला गुण आहे हो तुमच्या," मी हसून म्हटलं. पण ह्याच माणसाला तांबू परवा शिंगावर घेणार होती.

ते बाजाराला गेल्यावर मी गोठा धुंडाळला. माळ्यावर पेंढ्याखाली स्वेटर सापडला. तो पोटाशी धरून मी मनसोक्त रडले. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात आशा होती, की भावोजी खरं बोलत असतील आणि हे खरंच रुसून गेले असतील. मग डोळे पुसले आणि शेजारणीला हवालदाराकडे पिटाळलं.

संध्याकाळी हवालदार चाऱ्याच्या ढिगामागे उभा राहिला. मी स्वेटर अंगात घातला आणि तांबूच्या पायाशी बसले. तिने बाही हुंगली आणि पान्हा सोडला.

भावोजी दारात आले. "वहिनी, दूध दिलं तिने तुम्हाला?" म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्या अंगावर गेली आणि चेहऱ्याचा रंगच उडाला.

"दिलं की," मी म्हणाले. हात थांबवला नाही. "स्वेटर तर बसमधून परत आला, भावोजी. माझा माणूस कुठे उतरवलात?"