दातावरची रेघ

अगं पोरींनो, ऐका तरी आधी, चहा मग ओता. मी त्या प्रयोगशाळेत शिकतेय ना, शेकडो वर्षांपूर्वीच्या लहान मुलांची हाडं तपासतात तिथं? आणि माझ्या पुढच्या दातांवरच्या आडव्या रेघा तर तुम्हाला पाठच आहेत. तान्ही असताना न्यूमोनिया झालेला, त्याच्या. हे कळल्यापासून आईच्या मनानं घेतलंय, की ही तिच्या हयगयीची खूण. मी हसले की ती नजर वळवते. आता तर दातांवर कॅप बसवून रेघा झाकायला तिनं परस्पर दातांचा डॉक्टरही गाठला.

तर काल माझ्यापुढं आला एका आठ-नऊ वर्षांच्या पोराचा जबडा, दातांवर तश्शाच रेघा. मी शहाणी म्हणाले, बिचाऱ्याकडे कुणी बघितलंच नसणार. आमच्या तिथल्या मॅडमनी नुसती बारीक काडी हातात दिली, दाताच्या टोकाकडून मुळाकडे फिरव म्हणाल्या. काडी रेघेत अडकली आणि पुढं परत गुळगुळीत.

“आजारात दात वाढायचा थांबला, नंतर परत वाढला. म्हणजे त्या वेळी पोर वाचलं,” मॅडम म्हणाल्या. “जे आजारातच जातं, त्याला रेघ उमटायला सवडच मिळत नाही. आणि एवढासा जीव काय स्वतःच्या हातानं पाणी पितो?”

मला घरी कधी जाते असं झालं. जबडा डब्यात ठेवताना त्या पोराला हळूच थँक्यू म्हटलं, खरंच.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचं बोट धरून सरळ माझ्या दातावर ठेवलं, तर म्हणे, हात धुतले नाहीत गं. नख रेघेत अडकलं, पुढं सरकलं, मग मी सगळं सांगितलं. बाबा पेपरामागून पुटपुटले, तेव्हा हिनं पाठ टेकली नव्हती, मी इतकी वर्षं तेच सांगतोय, पण माझं कोण ऐकतं, हिला पटायला हाडं लागतात.

आईनं परत एकदा नख फिरवलं.

“खाली ठेवलं की तुझा श्वास अडायचा,” म्हणाली. “म्हणून खांद्यावर घेऊन फिरायचे.”

मी तिच्या त्याच खांद्यावर डोकं टेकलं.

डॉक्टरला तिनंच फोन करून नको म्हणून सांगितलं. आणि आज सकाळी दात घासतेय, तर ही दारात उभी, थेट माझ्या दातांकडे बघत. म्हणे, रेघेत नीट घास, घाण बसते.