सातव्या मडक्यातलं पिलू

१९८८च्या मे महिन्यात शुभदा एक दिवसाआड खारबावला जायची. साळुंकीची पिल्लं वाढताना त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कशी बदलते, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. धोंडूबाईच्या वाडीतल्या आंब्यांवर तिने सात मडकी टांगली होती आणि सातही मडक्यांत साळुंक्यांनी घरटी केली होती.

सोबत तिचे वडील असत; ती त्यांना भाऊ म्हणायची. भाऊ नारपोलीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शिडी धरायला म्हणून आले आणि कामालाच लागले. पिलाच्या पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, नळीतल्या आम्लात सोडायचं, ते तपकिरी झालं की थेंबथेंब पाणी घालून शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. पाणी जितकं जास्त लागेल, तितकं हिमोग्लोबिन जास्त. रंग ओळखण्यात भाऊंचा डोळा मुलीपेक्षा तयार होता. जन्मापासून सहाव्या दिवशी सात ग्रॅम, दहाव्या दिवशी दहा. आकडा चढला की ते पिलाला शाबासकी देत.

सातव्या मडक्यातलं धाकटं पिलू मात्र मागे राहिलं. दहाव्या दिवशी त्याच्या नळीत भाऊ बराच वेळ पाणी घालत राहिले आणि त्यांनी नऊ सांगितलं.

शुभदाने नळी उजेडात धरली. रंग शेजारच्या काचेपेक्षा कितीतरी फिका पडला होता. "भाऊ, हा रंग सहालाच जुळला असणार."

"हो," भाऊ खाली बघत म्हणाले. "दिसलं होतं मला."

तिला रागावता येईना. तेवढ्यात धोंडूबाईने पिलू ओंजळीत घेऊन पाहिलं. "याचं रगत कोन तरी पितंय, बाय. घरटं बघ."

शुभदाने शिडीवर चढून पाहिलं. घरट्यातल्या गवतात रक्त पिऊन फुगलेले बारीक लाल किडे वळवळत होते. पण घरटं साफ केलं तर पिलांची वाढ नैसर्गिक राहणार नव्हती आणि त्या मडक्याचे आकडे प्रबंधाला चालणार नव्हते. तरी शुभदाने वहीत सातव्या मडक्यावर काट मारली आणि धोंडूबाईकडे कोरडं गवत मागितलं. भाऊंनी मऊ कुंचल्याने एकेका पिलाच्या अंगावरचे किडे झाडले.

त्या पिलाला पुन्हा कोणी टोचलं नाही. भाऊ आता त्याच्या पोटावरच्या उघड्या कातडीचा रंग बघत. तो हळूहळू गुलाबी होत गेला.

भावंडं उडून गेल्यावर तीन दिवसांनी ते मडक्याच्या काठावर आलं, धडपडत उडालं आणि धोंडूबाईच्या कौलांवर जाऊन बसलं. भाऊंनी शिडी सोडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. वर उभी असलेली शुभदा फांदीला घट्ट धरून हसत राहिली.