मेलेल्यानं बोलायचं नाही

संयोगिता वारली ती कॉलेजात, मधल्या सुट्टीत, डब्यातली मेथीची भाजी खाताना. मोबाइल थरथरला, तिनं डाव्या हातानं उघडला, आणि समोर तिचाच फोटो. चुलतभावाच्या लग्नातला, मोरपंखी साडीतला, तिला स्वतःला फार आवडणारा. फोटोला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया, आणि वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

हा खेळ वीरधवलच्या सुपीक डोक्यातून निघालेला. आष्ट्यातल्या यच्चयावत दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर हा अकरावीतला पोरगा मोबाइलवर फुकटात बनवून द्यायचा, आणि कुणी गेलं की त्याच हातानं श्रद्धांजलीचे. वर्गात त्याचा 'फुल्ल राडा' नावाचा ग्रुप होता. त्यात घेतलं गेलं की तुम्ही वर्गात कुणीतरी. बाकीचे सगळे नुसते हजेरीपुरते. खेळ असा, की एकाला 'मारायचं', त्याचं कार्ड टाकायचं आणि बाकीच्यांनी खाली रडून घ्यायचं. नियम एकच होता. मेलेल्यानं बोलायचं नाही. पुढच्याचं कार्ड पडेपर्यंत ग्रुपवर नाही, वर्गातही नाही. बोलला तो ग्रुपबाहेर, वर आयुष्यभराची टिंगल. त्या वयात आयुष्यभर म्हणजे बारावीपर्यंत, पण ते तेव्हा कुणाला कळतं!

आधी मेलेले एक-दोन दिवसांत उठून बोलायला लागले होते, त्यामुळे संयोगितालाही पहिल्यांदा गंमतच वाटली. खरं सांगायचं तर गमतीपेक्षा जास्त वाटलं. ग्रुपमध्ये आल्यापासून ती काहीही लिहो, खाली कुणी साधा अंगठा दाखवायचं नाही. आणि आज रडक्या चेहऱ्यांची रीघ लागली होती. तिच्या बोलण्याची नक्कल करून वर्गाला हसवणाऱ्या पोरीनं लिहिलं होतं, 'अशी मैत्रीण पुन्हा होणे नाही.' वीरधवलनं लिहिलं होतं, 'तू गेलीस आणि वर्ग सुना झाला.' हे सगळं खोटं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

कुण्या शहाण्यानं ते कार्ड स्टेटसला ठेवलं. तिथून ते भावकीच्या ग्रुपवर गेलं आणि संध्याकाळपर्यंत दारात माणसं जमली. राजस्थानात पलटणीत असलेल्या वडिलांचा, मानसिंगचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलताही येईना. लेकीचा आवाज ऐकला आणि तो भला थोरला हवालदार फोनवरच हमसून हमसून रडला. मग आजी, चंद्राबाई, पुढं झाली आणि सगळ्यांना म्हणाली, "आवं, रडताय काय? जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतंय! पोरगी शंभरी गाठतीया आता." तिनं जमलेल्यांच्या हातावर साखर ठेवली. लोक हसत हसत घरी गेले.

आपल्याकडची ही जुनी समजूत, आणि तशी गोडच. पण त्या दिवशी त्या समजुतीनंच घात केला. साखर तोंडात पडल्यावर कोण विचारतंय, की हे कार्ड केलं कुणी, आणि हसणाऱ्या घरात ही एकटीच का हसत नाही?

ती वाट बघत होती, पुढचं कार्ड पडायची. ते पडलंच नाही. चाचणी परीक्षा आली, पोरं कंटाळली, त्यांनी नवा खेळ काढला आणि त्यासाठी नवा ग्रुप. त्यात संयोगिताला घ्यायचं राहून गेलं. कुणी दुष्टपणानं केलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, निदान भांडता आलं असतं. पण तिला जिवंत करायचं राहिलंय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. नियमानं ती अजून मेलेलीच होती.

शेजारी बसणारी अर्फा कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हती. ती रोज विचारायची, "बोल की गं, काय झालंय?" संयोगिता नुसती मान हलवायची. आधी ती नियमासाठी गप्प होती, मग सवयीनं, आणि पुढं पुढं बोलायचं म्हटलं की घशात काही उरलंच नाही असं वाटायला लागलं. वर्गात पोरांची नजर तिच्यावरून सरळ पलीकडच्या भिंतीवर जायची. घरी ताटातलं अन्न मातीसारखं लागायचं. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आजी म्हणाली, "अभ्यासानं वाळलीया."

जुन्या ग्रुपवर आता कुणी फिरकत नव्हतं. ती मात्र रोज तिथं जायची, ओस पडलेल्या घरात जावं तशी, आणि ते कार्ड उघडून बसायची. हारातली ती मुलगी हसत होती. तिच्यावर सगळ्यांचा जीव होता, तिच्यासाठी वर्ग सुना झाला होता. संयोगिताला तिचा हेवा वाटायचा. आरशासमोर वेणी घालताना वाटायचं, खरी ती आहे, आणि इथं आरशात दिसतेय ती उगाच मागं राहिलेली कुणी. आपल्याला मरायचंय असं ती मनाशीसुद्धा म्हणत नव्हती. ती म्हणायची, आपण आधीच गेलोय, फक्त घरच्यांच्या लक्षात आलेलं नाही. असं म्हणणाऱ्या मनाला पुढचं पाऊल फार जवळ असतं. ते किती जवळ आलंय हे तिचं तिला कळत होतं आणि त्याची भीती वाटेनाशी झाली होती. हे सगळ्यात वाईट.

अशा एका दुपारी आई बचत गटाच्या बैठकीला गेली होती आणि आजी मागच्या परड्यात शेंगा निवडत होती. संयोगिता सोप्यात एकटीच बसलेली. उघड्या दारातून डोक्यावरचा पदर पुढं ओढलेली एक म्हातारी आत आली. तिनं हाक मारली नाही, कोण आहे का म्हणून विचारलं नाही. दुखवट्याला येणारी बाई विचारत नसते. तिनं चाचपडत समोरच्या पोरीच्या गळ्याला मिठी मारली आणि हेल काढला.

"संयू गं माझी! कुठं गेलीस गं बाय! म्हातारीला मागं ठिवून कशी गं गेलीस!"

ती तानुबाई होती, मानसिंगची आत्या, वडूजकडच्या एका वाडीत एकटी राहणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जवळ मोबाइल नाही. शेजारच्या कुणी तरी तिला बातमी सांगितली होती. बातमी खोटी असल्याचा निरोप भावकीच्या ग्रुपवर फिरला, पण ग्रुपवर नसलेल्या म्हातारीला तो सांगावा हे कुणाला सुचलं नाही. ती तापानं अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला तशी कराडला एष्टी बदलून ती इथवर आली होती, आणि गळ्यात पडली होती ती घरातली कुणी लेक-सून समजून.

"दुधात भाकरी कुस्करून माझ्या हातनंच खायाचीस गं! शेळीच्या पिल्लाला चेअरमन म्हणायचीस गं! माझ्या पायातला काटा काढताना तूच रडायचीस गं माझी बाय!"

त्या कार्डाखाली इतकी माणसं रडली होती, पण चेअरमनचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारीच्या अंगाला एष्टीचा आणि मिश्रीचा वास येत होता. तिची आसवं संयोगिताच्या मानेवरून खाली ओघळत होती आणि ती गरम होती. तिचं सगळं हडकुळं अंग हुंदक्यांनी हलत होतं, त्याबरोबर संयोगिताही हलत होती. तिनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा उघडलं.

"तानुआजी," ती म्हणाली. "मी हाय."

म्हातारीची बोटं संयोगिताच्या कपाळावरून, नाकावरून, कानांवरून फिरली. तेवढ्यात रडणं ऐकून चंद्राबाई मागून धावत आली आणि काय झालंय ते समजून हसायलाच लागली.

"आवं वन्सं, पोरगी जित्ती हाय! कॉलेजातल्या कार्ट्यांनी चेष्टा केली. उलट आयुष्य वाढलं तिचं!"

तानुबाई हसली नाही. तिनं पोरीचे दंड धरून ठेवले होते.

"जित्ती हाय तर थरथरती का गं, वयनी? आन हिच्या हाडांवर मास कुठं हाय?"

"परीक्षा चाललीया..."

"तू थांब." तानुबाईनं तोंड पोरीच्या अगदी जवळ नेलं. "संयू, मला खरं सांग. तुला मरावं वाटतंय का गं?"

"वन्सं!" चंद्राबाई ओरडली. "काय अभद्र बोलताय लेकराफुडं!"

"मी तिला इचारतीया."

संयोगितानं आजीकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं. किती तरी दिवसांत तिला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर तिला येत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "लय दिस झालं."

चंद्राबाई होती तिथंच खाली बसली. तानुबाईनं पोरीचा हात मांडीवर ओढून घेतला.

"बरं केलंस सांगितलंस. वयनी, सुनंला बोलावून घे, मानसिंगाला फोन लाव. सांगलीत मनाचं डाक्टर असत्यात, आजच न्यायचं हिला. मी येती संगट."

मग संयोगिता बोलायला लागली. कार्ड, नियम, रिकामा ग्रुप, आरसा, सगळं उलटसुलट, मध्येच रडत, मध्येच थांबत. ती थांबली की म्हातारी नुसती "हं" म्हणायची. चंद्राबाई पदराचा बोळा तोंडात धरून ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर संयोगितानं विचारलं, "मी खरंच गेले असते, तर तू कवा आली असतीस?"

"आजच," तानुबाई म्हणाली. "ह्याच एष्टीनं. अशीच रडले असते बघ, हेच बोलून. गळा तेवढा दुसऱ्याचा असता."