रविवारचा कट्टा

खोली झाडून-पुसून, कोळिष्टकं आणि एका मेलेल्या झुरळाला निरोप देऊन शिंपीण तिसऱ्या मजल्यावरून खाली आली, तेव्हा फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर तिची आई एकटीच बसली होती. टेम्पोवाल्यानं याच कट्ट्यावर त्यांचा अख्खा संसार उतरवला होता आणि तो दुसरं भाडं गाठायला पळाला होता. गादी, बादली, स्टूल, भांडी आणि शिलाई मशीन. आता तिथं चमचासुद्धा नव्हता.

"आई, सामान कुठंय?"

"नेलं की वर!" आई खुशीत म्हणाली. "काय माणसं आहेत गं इथली! सांगावंसुद्धा लागलं नाही. एकेक जण आला, एकेक वस्तू उचलली, माझ्याकडे बघून हसला आणि गेला. मलाच तेवढं कुणी उचललं नाही."

"अगं, वर मी होते. माझ्याकडे काडीसुद्धा आलेली नाही."

आईचं हसू जागच्या जागी विरलं.

गादी-भांडी गेली असती तर तिनं दात आवळून सोसलं असतं. पण मशीन? नवऱ्याचं घर सोडताना तिनं भांडून एवढी एकच वस्तू पदरात पाडून घेतली होती. मशीन गेलं म्हणजे हातच गेले. आणि आता खाणारी तोंडं दोन होती. भावाच्या घरी आई कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीसारखी पडून असायची, म्हणून हिनं तिला सोबत आणलं होतं. "मी म्हणजे खायला काळ आणि भुईला भार," हे आईचं पालुपद टेम्पोतही चालूच होतं. आज तर तिनं ते खरंच करून दाखवलं होतं.

शिंपिणीची जीभ तिच्या कात्रीहून धारदार. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. "दिवसाढवळ्या लूट! म्हातारी बसलीय तिच्या डोळ्यांदेखत! लाजलज्जा काही आहे की नाही? चोरांच्या घरात भाडेकरू म्हणून आले मी!"

खिडक्या उघडल्या. पहिल्या मजल्यावरचे म्हातारे काका बनियनवरच खाली धावत आले. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, म्हणून त्यांना सगळे पोस्टमनकाका म्हणत. त्यांच्या हातात सायकलची जुनी घंटी होती.

"ताई, ते सामान तुमचं होतं? टाकायचं नव्हतं?"

"मशीन कुणी टाकतं का, काका?"

काका कट्ट्यावर बसले. मग चाचरत त्यांनी सांगितलं ते असं, की रविवारी या कट्ट्यावर जे ठेवलेलं असेल ते ज्याला हवं त्यानं न्यावं, अशी इथली कित्येक वर्षांची रीत. कुणाचं ते विचारायचं नाही, म्हणजे नेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. आभार मानायचे नाहीत, म्हणजे देणारा फुगत नाही. काही आलं की काका घंटी वाजवणार आणि लोक येणार.

"आज एवढा ढीग बघून मला काय आनंद झाला! घंटी मीच वाजवली हो. आजी दमून टेकल्यात असं वाटलं मला."

"आणि मला वाटलं, हमाल फुकट मिळाले," आई पुटपुटली.

काकांनी पुन्हा घंटी वाजवली. झालं भलतंच. आणखी काहीतरी आलंय असं समजून लोक रिकाम्या पिशव्या घेऊन उतरले! खरं काय ते कळल्यावर एकेकाची मान खाली गेली आणि सगळे आल्या पावली परतले.

मग सामान परत यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी गादी आणली, ती उन्हात घातल्यामुळे उबदार झाली होती. लुळ्या पायाचं स्टूल नवा खिळा मारून ताठ उभं राहून आलं. बादली घासूनपुसून, पाण्यानं भरून आली. आणि भांडी नेणाऱ्या घरातून पातेलं आलं ते आत दोघींपुरता गरम चहा घेऊन. "दमला असाल," एवढंच बोलून त्या घरची सून निघून गेली.

शिंपिणीला तोंड कुठं लपवावं ते कळेना. चोर म्हटलं होतं तिनं यांना, तेही अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं.

पण मशीन आलं नव्हतं. ते कुणी नेलं असं तिनं विचारल्यावर सगळे तळमजल्यावरच्या वायरमनच्या दाराकडे बघायला लागले.

दार उघडंच होतं. आत खिडकीशी तिचं मशीन मांडलेलं होतं, लख्ख पुसलेलं. त्याच्यापुढे वायरमनची बायको हात मांडीवर ठेवून बसली होती.

"दुसरी घंटी ऐकली मी," ती उठत म्हणाली. "यायला पाय उचलला नाही. ताई, उचलतानाच वाटलं होतं, एवढं चांगलं मशीन कुणी टाकणार नाही. पण किती रविवार वाट बघितली हो मी. शिवता येत नाही मला, तरी वाट बघितली. न्या तुमचं."

वायरमन मशीन एका अंगानं उचलायला वाकला. तेव्हा शिंपिणीला दिसलं, घसरणारा पट्टा बदललेला होता आणि सुईच्या बरोबर वर एक छोटासा दिवा बसवलेला होता. तिनं आयुष्यभर सुईवर अंधारच पाडून शिवलं होतं, स्वतःच्याच डोक्याचा.

"हा दिवा काढून घ्या दादा, तुमचा आहे."

"आता तो मशीनचा झाला," वायरमन म्हणाला. "दिलेलं परत घेत नाही आम्ही."

"मग आभार तरी..."

"ते तर मुळीच नाही," नवरा-बायको एकदमच म्हणाले.

मशीन वर गेलं. त्या आठवड्यात शिंपिणीनं दिव्याखाली एकही टाका चुकवला नाही. पण दर थोड्या वेळानं तिचा पाय थांबायचा आणि मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेली ती बाई डोळ्यांपुढे यायची. घरात देण्याजोगं काय होतं? सगळं एकेकच. शनिवारी ती आईशी बराच वेळ बोलली. आई आधी हसली, मग रडली, मग तिनं विचारलं, "माझा चष्मा कुठंय?"

रविवारी सकाळी घंटी वाजली. वायरमनची बायको पिशवी घेऊन आली. कट्ट्यावर काहीच नव्हतं. नुसती आजी बसली होती, केस नीट विंचरून, नाकावर चष्मा, गळ्यात मोजायची टेप.

"आजी, आज काय आलंय?"

"मी," आई म्हणाली. "जुनी आहे, पण चालू आहे. लेकीला शिवायला मीच शिकवलं. दुपारी तिचं मशीन मोकळं असतं. हवी असेन तर ने, नाहीतर नर्सबाई येतीलच आता."

वायरमनच्या बायकोचे ओठ हलले, पण रीत आठवून तिनं शब्द गिळला. तिनं पिशवी काखेत मारली आणि दोन्ही हात पुढे केले.

वर खिडकीत उभ्या असलेल्या शिंपिणीला दोघी जिन्याकडे येताना धूसर दिसत होत्या. तिनं डोळे पुसले आणि मशीनशेजारी स्टूल ओढून ठेवलं. खालून आईचा आवाज येत होता.

"हळू गं, हळू. आणि एक सांगून ठेवते, एकदा उचललीस की परत ठेवायची नाही हं."